वावरात राबते, मग व्यायाम कशाला?

डिसेंबर 2022. कापसाचा दुसरा वेचा चालू होता. चार दिवस सलग वेचणी झाली होती, सकाळी दव ओसरल्यापासून ऊन उतरेपर्यंत. पाचव्या दिवशी पहाटे अंगणात सडा टाकायला वाकले आणि बादलीला हात लागायच्या आधीच कमरेत चमक भरली. वर येता येईना, खाली बसता येईना. तशीच ओणवी, भिंतीला हात लावून उभी राहिले. सासूबाई बाहेर आल्या. त्यांना मी मायच म्हणते. "कंबर धरायनी का?" एवढंच त्यांनी विचारलं आणि मला धरून बाजेवर निजवलं.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं. चार एकर वावर, त्यात कपाशी आणि थोडी दादर, म्हणजे रब्बी ज्वारी. तेव्हा मी 46 वर्षांची होते. पंचवीस वर्षं निंदणी, वेचणी, गुरांचं सगळं केलेलं. कंबर अधूनमधून दुखायचीच, पण ते दुखणं भाकरीसारखं रोजचं. या वेळचं वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी ते उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरलं, वायर ओढल्यासारखं.

घरचे उपाय झाले. माय तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीने शेकायच्या, त्याने घटकाभर बरं वाटायचं. गल्लीतला एक पायाळू मुलगा बोलावला, त्याने पाठीला तीनदा पाय लावला. उसण भरली की आमच्याकडे हे करतातच. त्या मुलाने मनापासून केलं आणि मीही मनापासून करून घेतलं, पण पोटरीतली ओढ गेली नाही.

मग दवाखाना. एक्स-रे, दुखण्याच्या गोळ्या, कमरेला पट्टा, आठवडाभर वजन लावून मणका ताणायचं, आणि ताकीद अशी की तीन आठवडे बाजेवरून उठायचं नाही. मी शब्दशः पाळलं. नवार सैल झालेली बाज, मध्ये खड्डा पडलेला, त्यात मी एकवीस दिवस. संडासला जाण्यापुरतीच उठायची. तिसऱ्या आठवड्यात पोटरीतलं दुखणं थोडं उतरलं, पण उठून उभी राहिले तर पाय लटलटायला लागले. घरातल्या घरात ओसरीपर्यंत चालताना दम लागला. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. दुखण्याची सवय होती, अशा अशक्तपणाची नव्हती.

फार नंतर, मुलीने वाचून सांगितलं तेव्हा कळलं, की फिनलंडमध्ये 1995 सालीच हे पडताळून पाहिलं होतं. हेलसिंकी नगरपालिकेतल्या नुकतीच कंबर धरलेल्या कर्मचाऱ्यांचे तीन गट केले: काहींना दोन दिवस अंथरुणात विश्रांती, काहींना व्यायाम, आणि काहींना फक्त दुखेल तेवढं सांभाळून नेहमीची कामं. सगळ्यात लवकर बरे झाले ते नेहमीची कामं करत राहिलेले. म्हणजे नव्या दुखण्यात कसरतीची घाई नको आणि झोपूनही राहायला नको. दोन दिवसांच्या विश्रांतीनेसुद्धा उशीर होतो, तर माझ्या एकवीस दिवसांचं काय झालं असेल? मला तिथे कोणाला दोष द्यायचा नाही, पण हे ऐकलं तेव्हा रडू आलं.

जानेवारीत धुळ्याला एमआरआय काढला. रिपोर्टात लिहिलं होतं की एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मध्ये, गादी बाहेर फुगलेली आहे आणि खालच्या दोन गाद्या झिजलेल्या आहेत. गावात एकच शब्द झाला: "मणक्यात गॅप आली." ज्याला त्याला माहीत असलेला एकेक माणूस निघाला, ज्याला गॅप आली आणि मग तो कधी उभाच राहिला नाही. आमचे हे कापूस विकून आलेल्या पैशांचा हिशेब ऑपरेशनच्या अंगाने करायला लागले. मी खाली पडलेला चमचासुद्धा उचलायची नाही. रात्री कूस बदलताना वाटायचं, आत काहीतरी निसटेल.

धुळ्यातच एका हाडाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिने आधी रिपोर्ट उघडलाच नाही. मला निजवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला. अंगठा वर ओढायला लावून त्याला दाबून धरलं, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, गुडघ्यावर आणि टाचेमागे हातोडी मारली. मग दार लावून हळू आवाजात विचारलं: लघवी अडते का, न कळत होते का, बसतो त्या जागेला, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं का? ताप, वजन घटणं, पूर्वी कधी कॅन्सर, पडणं-झडणं? पाऊल लुळं पडल्यासारखं चप्पल निसटते का? यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, असं तिने मला पाठ करून घेतलं. मला यातलं काही नव्हतं. पण माझ्या ओळखीच्या कितीतरी बाया लघवीचं दुखणं लाजेने सांगत नाहीत, म्हणून हे इथे मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे.

मग तिने 'गॅप'चं सांगितलं. "ताई, तुमच्या मणक्यात गॅप वाढलेली नाही, उलट थोडी कमी झाली आहे. दोन मणक्यांच्या मधली गादी वयाने चपटी होते. केस पिकतात तसं." तिने असंही सांगितलं, की ज्यांना अजिबात दुखत नाही अशा लोकांचे फोटो काढून पाहिलेत, चाळिशीतल्या अशा माणसांपैकी निम्म्यांची गादी फुगलेली आणि साठ-सत्तर टक्क्यांची झिजलेली दिसते. फुगलेला भाग काही वेळा शरीर आपणच काही महिन्यांत शोषून घेतं. तिचं बोलणं ऐकता ऐकता माझे खांदे खाली आले. महिनाभर ते कानापाशी ओढून धरले होते, हे तेव्हा समजलं.

"आता व्यायाम सुरू करू," ती म्हणाली. मी म्हणाले, "अहो, मी दिवसभर वावरात राबते. व्यायामाची काय कमी?" घरी आल्यावर मायही तेच बोलल्या: "दिनभर वावरमा राबस तू, आखो कसाना व्यायाम?"

हा प्रश्न माझ्यासारख्या प्रत्येक बाईचा आहे, म्हणून तिचं उत्तर मला आठवतं तसं सांगते. तिने विचारलं, वेचणीच्या दिवशी तुम्ही पुढे किती वेळा वाकता? मी म्हणाले, वाकलेलीच असते. कपाशीची बोंडं खालून वर फुटत जातात, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या वेच्याला सगळ्यात खोल वाकावं लागतं. कमरेला ओटी बांधलेली, ती भरत जाते आणि पुढे लोंबते. मग तिने विचारलं, मागे किती वेळा वाकता? एकदाही नाही. पोटाचे, कुल्ल्याचे स्नायू ताकदीने कधी वापरता? उत्तर नव्हतं. कामात शरीर एकाच बाजूने खर्च होतं, असं ती म्हणाली. आणि काम कधी थांबतं? ओळ संपली की. शरीर थकलं म्हणून ते थांबत नाही. व्यायामात थकण्याच्या जरा आधी थांबायचं, दुसऱ्या दिवशी शरीर भरून येऊ द्यायचं, मग किंचित वाढवायचं. दिवाळीत पंधरा दिवस हलकी कामं आणि मग एकदम आठ-आठ तास वेचणी, असा भार कोणत्याच कमरेला पेलत नाही. कष्ट आणि व्यायाम यांत एवढं अंतर आहे, हे कळायला मला 46 वर्षं लागली.

सुरुवात फार लहान होती. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं चालायचं. पाठीवर निजून, गुडघे दुमडून, कमरेची पोकळी हळूच जमिनीला टेकवायची आणि सोडायची, दहा वेळा. रांगत्या बाळासारखं होऊन पाठ वर फुगवायची, मग खाली सोडायची. आणि पालथं निजून कोपरांवर छाती उचलायची. या शेवटच्या व्यायामाची मला धास्ती होती. पण त्यानेच पहिल्यांदा गंमत झाली: चौथ्या दिवशी पोटरीतली ओढ गेली आणि कमरेत मात्र जरा जास्त दुखायला लागलं. मी घाबरून फोन केला. ती खूश झाली. दुखणं पायातून वर कमरेकडे सरकत असेल तर ती सुधारण्याची खूण, उलट कमरेतून खाली पावलाकडे उतरत असेल तर थांबायचं. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टने 1950च्या दशकात ही गोष्ट ओळखली आणि त्यावर आपली पद्धत उभी केली, असं तिने सांगितलं.

इथे एक सांगायलाच हवं. माझं पाहून मायनेही पालथं निजून छाती उचलायला सुरुवात केली. त्या 71 वर्षांच्या. दोन दिवसांत त्यांचे दोन्ही पाय जड पडले. त्यांना घेऊन धुळ्याला गेलो तेव्हा कळलं की त्यांचा त्रास निराळा आहे. वयामुळे मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली. मागे वाकलं की ती आणखी आवळते, पुढे झुकलं की मोकळी होते. म्हणूनच त्या काठीवर झुकून चालतात तेव्हा बऱ्या असतात. त्यांना गुडघे छातीशी घेण्याचे व्यायाम दिले. एकाच घरात, एकाच कमरेच्या नावाखाली, दोघींना उलटसुलट व्यायाम. शेजारणीचा व्यायाम पाहून आपण करायचा नाही, हे तेव्हा पक्कं झालं.

तिसऱ्या आठवड्यापासून ताकदीचे व्यायाम आले. रांगत्या स्थितीत उजवा हात पुढे, डावा पाय मागे, आठपर्यंत मोजायचं, मग बाजू बदलायची. पाठीवर निजून कुल्ले उचलायचे. कुशीवर निजून, गुडघे टेकून, कोपरावर अंग तोलायचं. हे मला सगळ्यात अवघड गेलं, पहिल्या दिवशी पाच सेकंदही धरता आलं नाही. बाजेच्या कडेवरून हात न टेकता उठायचं-बसायचं. जागा म्हणजे आमचं धाबं, घराची गच्ची. मातीचं धाबं जाऊन आता स्लॅब पडलाय, तरी आम्ही धाबंच म्हणतो. पहाटे सतरंजी घेऊन वर जायचं. साडीत जमेना म्हणून लेकीचा जुना पंजाबी ड्रेस घालायचे. आजूबाजूच्या धाब्यांवरून लोक पाहायचे. पहिले काही दिवस मी अंधारातच उरकून खाली यायचे, पुढे सोडून दिलं.

उठल्या उठल्या खोल वाकायचे व्यायाम मात्र करायचे नाहीत, हा नियम होता. रात्रभर आडवं असताना मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून घेतात, सकाळी त्या टचटचीत भरलेल्या असतात, तेव्हा पुढे वाकलं तर त्यांच्यावर ताण जास्त येतो. म्हणूनच माझी कंबर वावरात धरली नाही, पहाटे सडा टाकताना धरली. आता आधी तासभर चालणं-फिरणं, चहा, मग वाकण्याचं. अंगण झाडायला लांब दांड्याचा झाडू आणला.

मग वाकायला शिकणं. हसू येईल, पण वाकणं हीच मुख्य शिकवणी होती. पाठीला उभी काठी लावायची: डोकं, खांद्यांची मधली जागा आणि माकडहाड, तीन ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. गुडघे जरा मोकळे, आणि कुल्ले मागे ढकलत खाली जायचं. मी इतकी वर्षं कमरेतून वाकत होते, कुल्ल्यांचा सांधा जणू नव्हताच. ते जमल्यावर वजन. कपड्याच्या पिशवीत दोन किलो दादर भरली. दोनाची पाच झाली, पाचाची दहा, असं अडीच महिन्यांत. ज्या बाईला चमचा उचलायची भीती होती, तिने एप्रिलमध्ये दहा किलोची पिशवी दहा वेळा उचलून ठेवली. तो दिवस मला अजून लख्ख आठवतो.

मध्ये मोठी घसरण झाली होती. मार्चमध्ये पारोळ्याकडच्या एका लग्नाला काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेलो, येताना रस्ता खड्ड्यांचा. दुसऱ्या दिवशी कंबर पुन्हा धरली. मी सतरंजी गुंडाळून ठेवली, म्हटलं सगळं पाण्यात गेलं. फिजिओने फोनवर शांतपणे सांगितलं, दुखणं परत उसळणं यात धरलेलंच असतं, त्याचा अर्थ आत काही तुटलं असा नाही. व्यायाम बंद नको, निम्म्यावर आण. तिने एक माप दिलं होतं: दहापैकी तीन-चार एवढं दुखणं चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ जागी आलं पाहिजे, नाही आलं तर कालचं जास्त झालं. या मापाने मला जेवढी मदत केली, तेवढी एकाही गोळीने केली नाही. जानेवारीत माझं दुखणं सात असायचं. जूनमध्ये दोन-तीन. शून्य ते आजही रोज नसतं, आणि कोणी शून्याची हमी देत असेल तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

पट्टा फेब्रुवारीतच सुटला. सुटताना मन कचरत होतं, कारण तो आधार वाटायचा. डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदा मार्गदर्शन काढलं, त्यात व्यायामाचा आणि समजावून सांगण्याचा आग्रह आहे, आणि पट्टे व वजन लावून ताणणं नेहमीचा उपचार म्हणून करू नये असं आहे. हे माझ्या डिसेंबरच्या एक वर्ष नंतरचं.

चालणं मात्र सगळ्यात सोपं आणि सगळ्यात टिकलेलं. खान्देशातला मे म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. साडेपाचला निघून शिवार रस्त्याने निंबांच्या रांगेपर्यंत जायचं आणि सातच्या आत घरी. पाच मिनिटांची तीस मिनिटं व्हायला तीन महिने लागले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी झोक्यावर बसले तेव्हा बहिणी ओरडल्या, पण मी उभ्याने एक झोका घेतला. 2024 साली ऑस्ट्रेलियात 701 जणांवर झालेला अभ्यास लेकीने वाचून दाखवला: कंबरदुखीतून नुकते बरे झालेल्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला शिकवलं, तर दुखणं परत यायला साधारण 208 दिवस लागले, न शिकवलेल्यांना 112. दुखणं परत येतं हे खरं, पण लांबतं. शेतीत शंभर दिवस म्हणजे अख्खा हंगाम.

आणि हंगाम आलाच. 2023च्या दिवाळीनंतर वेचणीला उतरायचं की नाही, यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. मी उतरले, पण वेगळ्या रीतीने. पहिल्या दिवशी दोन तास, मग तीन, मग चार. ओटी अर्धी भरली की रिकामी. खालच्या बोंडांसाठी वाकण्याऐवजी एक गुडघा टेकवून बसायचं, दर ओळीला गुडघा बदलायचा. अर्ध्या तासाने ताठ उभं राहून, हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे झुकायचं. रात्री कंबर भरून यायची, सकाळी मूळ जागी. हंगाम पार पडला.

आमच्याकडे वेचायला पाच-सहा बाया येतात. सगळ्यांची कंबर दुखते, सगळ्या गोळी खाऊन येतात, आणि कित्येक वर्षं उपाशीपोटी गोळ्या खाऊन एकीच्या पोटात व्रण झाला. मी त्यांना मागे झुकायला शिकवलं. दोन दिवस त्यांनी केलं, तिसऱ्या दिवशी बंद. त्यांच्यातली सगळ्यात वडीलधारी मला बांधावर बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, वाकायचं कसं ते शिकव. थांबायचं शिकवू नको. थांबलं की किलो कमी भरतात."

वेचणीचा दर किलोवर असतो. मी चार एकरांची मालकीण म्हणून अर्ध्या तासाने थांबू शकत होते. त्या रात्री मी ह्यांच्याशी बोलले. आम्ही किलोमागे एक रुपया वाढवला आणि सांगितलं, हा थांबण्याचा आहे. शिवारात कुरबूर झाली, दोघा शेतकऱ्यांनी भाव बिघडवता म्हणून ऐकवलं. तरी यंदाही तेच ठेवलंय. दुपारी भाकरीच्या आधी मी बांधावर काठी घेऊन उभी राहते आणि एकेकीच्या पाठीला लावून पाहते: डोकं, खांदे, माकडहाड. त्या वडीलधारीची काठी अजून मधल्या जागी सुटते. तिला आठवडाभर वेळ द्यायचाय.